बाईजाची सावड

धाऊने डाकेची थैली मुरबाडहून माळशेजच्या पायथ्यापर्यंत पायी वाहिली. त्याच्यामागे त्याचा मुलगा दामू याने ती वाहिली, आणि दामूच्या मुलाने, रघूने, ती सायकलच्या दांडीला बांधली. रघूचा थोरला मुलगा कमळाकर अठरा वर्षे त्याच वाटेने टपाल वाटत फिरला, आणि दोन हजार तीन सालच्या ऑक्टोबरात ठाण्याच्या कचेरीत एक कागद देऊन त्याने नोकरीचा राजीनामा दिला. या घरात आजवर कोणी नोकरी सोडली नव्हती. वयाने किंवा मरणाने माणूस थांबला, तेव्हाच थैली पुढच्या खांद्यावर गेली होती.

नऊ नोव्हेंबरच्या रविवारी सकाळी घरची सगळी माणसे ओटीवर जमली, ती त्या कागदासाठीच. राजीनामा तीस तारखेला मंजूर व्हायचा होता. तोवर तो मागे घेता येत होता.

जया आणि तिचा नवरा संदेश पहाटेच शहापूरहून निघाले होते. जया या घरची धाकटी लेक. लग्नाआधी तिचा आवाज ओटीपर्यंत येत नसे, आता ती ओटीवर बसूनच बोलत होती.

"दादा, मला एकच सांग. वीस वर्षं भरली की स्वेच्छानिवृत्ती मिळते. पेन्शन मिळते. तुझी अठरा झाली. दोन वर्षं कळ काढली असतीस तर काय बिघडत होतं?"

"दोन वर्षांनी हिरवळ लावायची एजन्सी मिळणार नाय," कमळाकर म्हणाला. "शहापूर नि मुरबाड, दोन्ही तालुके मिळून कंपनी एकालाच देते. शहापुरातला एक जण पैसे घेऊन तयार बसलाय."

"मग बसू दे त्याला."

"जया, टोकावड्यापासून इकडं बंगले किती झाले, मोजलेस कधी? मी मोजलेत. प्रत्येकाच्या फाटकात उभा राहिलोय. प्रत्येकाला हिरवळ पायजे, नि प्रत्येकाची हिरवळ मे महिन्यात वाळते. लावायची कशी, कापायची कशी, खत कधी द्यायचं, हे सांगणारा इथं कोणी नाय. कंपनीचं यंत्र, कंपनीचं नाव, आठ दिवस पुण्याला शिकवलं त्यांनी. काम आपलं."

संदेश पंचायत समितीत कारकून होता. बोलण्याआधी चष्मा काढून पुसण्याची त्याला सवय होती. त्याने चष्मा पुसला. "कमळाकरदादा, सरकारी नोकरी म्हणजे सरकारी नोकरी. मी बाकी काय बोलत नाय."

"बोललात की सगळं," ओटीच्या पायरीवर बसलेला शेखर म्हणाला. शेखर मधला भाऊ. घरची शेती तोच बघत असे. गेल्या महिन्यापर्यंत थोरल्याची सर्वांत जास्त चेष्टा त्यानेच केली होती. भातातले गवत उपटण्यात हयात गेली आणि आता दादा गवत विकणार, असे तो चावडीवर सांगत फिरे. पण आज त्याच्या बोलण्यात ती धार नव्हती, आणि त्याला तसे कारण होते.

दस्तूरबाईंच्या बंगल्यावर पंधरा गुंठ्यांची हिरवळ लावायचे काम कंपनीने कमळाकरची परीक्षा म्हणून दिले होते. ते उतरले तरच करारावर सही होणार होती. कमळाकर राजीनाम्याच्या मुदतीत रोज टपालाच्या फेरीवर जात होता, म्हणून जमीन तयार करायचे काम त्याने शेखरवर सोपवले. शेखरने नांगरट केली. पुढे त्याने जमीन भुसभुशीत करून, उतार देऊन कोरडी ठेवायची होती. त्याऐवजी चारी बाजूंना बांध घातले गेले, पंप लावून पाणी तुंबवले गेले, बैल फिरवून चिखल केला गेला, आणि त्या चिखलात कंपनीचे महागडे गवत भाताच्या आवणासारखे, म्हणजे लावणीच्या रोपांसारखे, रोवले गेले. आठ दिवसांत ते पिवळे पडले. दहाव्या दिवशी बंगल्याच्या अंगणात कुजका वास सुटला.

कंपनीचा माणूस सोळा तारखेला, पुढच्या रविवारी, पाहणीला येणार होता.

"चूक माझी हाय," शेखर म्हणाला. "दादानं सांगितलं होतं, पाणी साचू द्यायचं नाय. मी नाय ऐकलं."

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली कमळाकरची बायको नम्रता हे ऐकत होती. सासू भागीरथीबाई, रघू गेल्यापासून घरच्या कर्त्या, कोपऱ्यातल्या पाटावर ताठ बसल्या होत्या, आणि नम्रताने त्यांच्याकडे पाहिले नाही. चिखल झाला त्या दिवशी जेवणाचा डबा घेऊन ती बंगल्यावर गेली होती. बांध कोणी घालायला लावले, हे तिने पाहिले होते. भागीरथीबाईंनी पदर खोचून, बांधावर उभे राहून फर्मावले होते: आवणाला चिखल नाही, मग मुळं धरायची कशात? शेखर एकदा म्हणाला, "आई, दादा नको म्हणालाय." त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "दादा टपाल वाटतो. शेती मी केली."

नम्रता बोलली असती तर ती सून म्हणून बोलली असती, आणि तिच्या बोलण्याचा अर्थ वेगळाच लावला गेला असता. तिने चहाचे कप गोळा केले.

"नवीन गवत उद्या येतंय," कमळाकर म्हणाला. "दस्तूरबाईंनी दुसऱ्या वेळचे पैसेही दिले. मी अठरा वर्षं त्यांची पत्रं आणली, एक हरवलं नाय, म्हणून दिले, असं म्हणाल्या. जमीन वाळलीये. कालपासून मी नि शेखर मोकळी करतोय. फक्त लावायला हात नायत. दहा बायका, सहा दिवस. गावात एक बाई मोकळी नाय, सगळ्या कापणीला गेल्यायत."

"म्हणजे होणार नाय," जया म्हणाली. तिच्या स्वरात थोडे समाधान होते आणि तिलाच ते आवडले नाही. "दादा, वेळ हाय तोवर कागद मागे घे. हसणारे हसतील नि विसरतील."

संदेशने मान डोलावली. शेखर खाली बघत राहिला. कमळाकरने आईकडे पाहिले. त्याच्या पाहण्यात दोष नव्हता, आणि भागीरथीबाईंना नेमके तेच सहन झाले नाही.

"बांध मी घालायला लावले," त्या म्हणाल्या. "शेखर खोटं बोलतोय."

शेखरने झटकन मान वर केली.

"आई, जाऊ दे," कमळाकर म्हणाला. "तू तुला येतं तेच केलंस. या हातांनीच मी जेवलोय."

"मला समजवू नको. बायका मिळतील कुठं, ते सांग."

कमळाकर म्हणाला, "मी काल बौद्धवाडीत गेलो होतो. शालनवहिनींकडं. त्यांची दहा जणींची टोळी हाय, आवणात तालुक्यात त्यांच्यासारखा हात नाय. पण त्यांचं भात गरवं, आत्ताच तयार झालंय. आपलं हळवं कापून झालं, म्हणून आपण मोकळे. शालनवहिनी म्हणाल्या, येतो, मजुरीही घेतो ती ठरल्याप्रमाणं. पण त्याआधी..."

"त्याआधी काय?"

"त्यांची सासू आतून म्हणाली, त्या घराची आमच्याकडं सावड हाय. तीस दिवसांची. ती आधी फेडा."

भागीरथीबाईंनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "बाईजा जिवंत हाय अजून," त्या म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

"कसली सावड?" जयाने विचारले. "आपण कोणाचं काय ठेवलंय?"

भागीरथीबाई लेकीकडे वळल्या. मग त्यांनी सांगितले. त्यांचे बोलणे नेहमी हुकमी असे. तेवढे बोलताना ते तसे राहिले नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या जुलैत रघूची सायकल ओढ्यात घसरली आणि त्याचा पाय मोडला. त्याच आठवड्यात जया जन्मली. शेतात चिखल तयार, आवण वाढलेले, आणि घरात एक अंथरुणावरचा पुरुष, एक ओली बाळंतीण, एक म्हातारी सासू. गावातली प्रत्येक बाई आपापल्या खाचरात होती. चौथ्या दिवशी सकाळी बौद्धवाडीतून बाईजा नऊ जणींना घेऊन आली. कोणी बोलावले नव्हते. "रघूभाऊ पत्रं वाचून दाखवतो आमाला, पैसे घेत नाय," एवढेच ती म्हणाली. दहा जणींनी तीन दिवसांत सगळे शेत लावले. मजुरी काढली तेव्हा बाईजा म्हणाली, मजुरी नको, ही सावड. आमच्या कापणीला तुमी या.

सावड म्हणजे हाताला हात, दिवसाला दिवस. दिवाळीनंतर भागीरथीने विळा काढला तेव्हा सासू दारात आडवी उभी राहिली. आमच्या घरची सून त्या वाडीच्या शेतात राबायला जाणार नाही. सासूने दोन मण भात पाठवले. बाईजाने ते गाडीतून उतरवूनही घेतले नाही.

"सासू एक्क्याऐंशी साली गेली," भागीरथीबाई म्हणाल्या. "त्यानंतर बावीस वर्षं दारात कोणी आडवं उभं नव्हतं. मीच गेले नाय. आता सगळे ऐका. त्यांच्या दहा जणी उद्यापासून बंगल्यावर हिरवळ लावतील, कमळाकर रजा काढून त्यांच्याबरोबर राहील. आपण त्यांचं भात कापायचं. पाच माणसं, सहा दिवस. मी, नम्रता, शेखर." मग त्यांनी लेकीकडे पाहिले. "नि जी त्या आठवड्यात जन्मली, ती."

जयाचा चेहरा उतरला. "आणि पाचवं?"

सगळ्यांनी संदेशकडे पाहिले. शेखरची बायको बाळंतपणाला माहेरी होती. दुसरे माणूसच नव्हते. संदेशने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "माझ्या रजा शिल्लक आहेत," तो म्हणाला.

"पँटवर येऊ नका, भावजी," शेखर म्हणाला. "चिखलात पँट वर जात नाय नि इज्जत खाली जाते."

त्या दिवसातले हसू तेवढेच होते.

*

शालनने आयुष्यात पुष्कळ शेते लावली होती, पण दस्तूरबाईंच्या अंगणासारखे शेत तिने पाहिले नव्हते. कोरडी जमीन, ताणलेल्या दोऱ्या, आणि एकेक वितीवर बोटभर गवताची पेरे खोचायची. तिच्या नऊ जणी पहिल्या ओळीतच हसायला लागल्या.

"कमळाकरभाऊ, सारी जिंदगी गवत उपटायची मजुरी घेतली आमी," ती म्हणाली. "आता लावायची घेतो. पुढं तुमी आमाला परत उपटायला बोलवाल, म्हंजे बरं चालंल."

"महिन्यातून दोनदा बोलवीन, वहिनी. लव्हाळा उपटायला. एजन्सी मिळाली तर हीच टोळी कायमची, दर महिन्याला पगार."

शालनने कंबर सरळ केली. बरीच माणसे असे बोलून गेली होती. पण हा माणूस तिच्या सासूला दर महिन्याला मनीऑर्डर आणून देई आणि अंगठा घेण्याआधी पैसे दोनदा मोजून दाखवी. "मिळंल," ती म्हणाली, आणि पुढच्या दोरीवर वाकली. दुपारपर्यंत त्यांचे हात असे बसले की कमळाकरने मोजपट्टी खिशात घातली ती पुन्हा काढली नाही.

त्याच वेळी ओढ्यापलीकडच्या खाचरात भागीरथीबाई विळा चालवत होत्या. अडुसष्ट वर्षांचे वय आणि गुडघ्यांची तक्रार त्यांनी घरीच ठेवली होती. त्यांच्या उजव्या हाताला नम्रता, डाव्या हाताला जया, मागे शेखर भारे बांधत होता, आणि शेखरचा जुना लेंगा घातलेला संदेश ते भारे डोक्यावर घेऊन पडत-सावरत खळ्यावर नेत होता. खळ्याच्या कडेला घोंगडीवर बाईजा बसली होती. ऐंशीच्या पुढची, वाळून लहान झालेली, नजर मात्र घारीची. ती सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती.

दुपारी वाडीतून जेवण आले. तांदळाच्या भाकरी, सुक्या बोंबलाचे कालवण, वालाची उसळ. सगळे हात धुऊन बसले. संदेशने पहिल्यांदा हात घातला, कारण त्याला एवढी भूक कधी लागली नव्हती. जया त्याच्याशेजारी बसली, नम्रता तिच्यापुढे.

भागीरथीबाई बांधाच्या टोकाला गेल्या, कमरेचे फडके सोडले आणि घरून बांधून आणलेली भाकरी मोडली.

त्यांनी ते ठरवून केले असे म्हणता येणार नाही. पहाटे चुलीपाशी हाताने आपोआप भाकरी बांधली होती. चाळीस वर्षांचा हात तो. पण नम्रताने पाहिले, जयाने पाहिले, आणि बाईजाने तर पाहिलेच.

संध्याकाळी निघताना बाईजा प्रथमच बोलली.

"आज चार हात झाले."

"पाच," शेखर म्हणाला. "आमी पाच जण आलो, आजी."

"चार. सावडीला येतो तो मालकाच्या घरचं जेवतो. भाकरी बांधून येतो तो मजूर." तिने भागीरथीबाईंकडे पाहिले, रागाने नव्हे. "तुझी आजची मजुरी सांग गो, देते."

शेखर काही बोलणार होता. नम्रताने त्याचा हात दाबला. घरी परतताना भागीरथीबाई सगळ्यांच्या पुढे चालत राहिल्या. जया त्यांच्यामागून चालत होती. सकाळी तिने मनात ठरवले होते की सहा दिवस कसेबसे काढायचे आणि शहापूरला जायचे. आता पुढे चालणाऱ्या आईची पाठ पाहताना तिला वाटले, ही बाई उद्या येणार नाही, आणि मग दादाचे सगळे संपले.

दुसऱ्या दिवशी पहाटे भागीरथीबाई सर्वांच्या आधी दारात उभ्या होत्या. हातात विळा होता, कंबर रिकामी होती.

त्या दुपारी त्या बाईजाच्या समोर बसल्या आणि तिने वाढले ते जेवल्या. बोंबलाच्या कालवणात तिखट जास्त होते. त्यांनी ते मागून घेतले.

*

शनिवारी संध्याकाळी शेवटचा भारा खळ्यावर पडला. बाईजाचे आणि तिच्या भावकीचे सगळे गरवे भात कापून झाले होते. ओढ्यापलीकडे बंगल्यावर शेवटची दोरी काढली गेली होती.

"एकोणतीस," भागीरथीबाई म्हणाल्या.

"शेत संपलं गो," बाईजा म्हणाली. "कापाय काय उरलं? राहू दे आता."

"झोडणी उरलीय. उद्या मी येते."

"उद्या कंपनीचा साहेब येणार," जया म्हणाली. "आई, दादाला तू तिथं पायजेस."

"दादाला मी तिथं नकोच. मागल्या वेळी होते." हे बोलताना त्यांच्या ओठांच्या कडेला काही हलले. जयाने ते पाहिले. तिने आईचा विळा हातात घेतला आणि तो पुसून दिला.

रविवारी सकाळी बंगल्यावर सगळे घर गोळा झाले, शालनची टोळीही धुतलेल्या लुगड्यांत आली, आणि भागीरथीबाई एकट्या ओढा उतरून पलीकडे गेल्या. खळ्यावर लाकडी फळी तिरकी उभी केली होती. त्या एकेक पेंढी उचलून फळीवर झोडत होत्या. दाणे खाली सांडत होते. बाईजा समोर बसून सूप घेऊन पाखडत होती. हळूहळू दोघींचा ताल जमला.

"ती पोर," बाईजाने मध्येच विचारले, "जी तुमच्या घरी बारशाला रडत होती. तीच ना, काल विळा पुसणारी?"

"तीच."

"तिचं आवण मी लावलं होतं, सांग तिला."

"सांगितलंय. त्या साली आमच्या घरात तोच तांदूळ होता, बाईजा. तो नसता तर ह्यांचा पाय बरा होऊन उपयोग नव्हता. मी सासूच्या पुढं बोलले नाय. नंतर मला कोणी अडवलं नाय, तरी आले नाय. हे मला कोणाला तरी सांगायचं होतं. तू हायस म्हणून बरं झालं."

बाईजाने सुपातला कोंडा उडवला. "मी थांबले होते तुझ्यासाठी," ती म्हणाली. "नायतर ऐंशी वर्षं कोण जगतं."

दुपारी ओढ्यातून पळत शेखर आला. धापा टाकत तो म्हणाला, "आई, पास. साहेबानं खाली बसून बोटानं पेरं ओढून बघितली, एक निघालं नाय. म्हणाला, असं लावलेलं पुण्यातही बघितलं नाय. सही झाली. दोन्ही तालुके. नि दादानं तिथंच शालनवहिनींचं नाव टोळीप्रमुख म्हणून लिहून दिलं. चल, दस्तूरबाई पेढे वाटतायत. दादा म्हणतो, आईशिवाय मी तोंडात घालणार नाय."

भागीरथीबाईंनी डोळे मिटले. त्यांना त्या क्षणी कोणत्या देवाचे नाव आठवले, हे त्यांनी कधी सांगितले नाही. धाऊ, दामू आणि रघू यांच्या थैलीचे जे ओझे त्यांनी महिनाभर एकटीने वाहिले होते, ते खाली उतरले.

"त्याला सांग, पेढा ठेव," त्या म्हणाल्या. "आज माझा अर्धाच दिवस झालाय."

"आई, सगळे..."

"शेखर. परत जा."

तो गेला. बाईजाने भाकरी वाढली, दोघी जेवल्या, आणि पुन्हा फळीपाशी आल्या. ऊन उतरू लागले तसे रचलेल्या पेंढ्यांचे ढीग कमी होत गेले. वाडीतून गुरे परतण्याची वेळ झाली तेव्हा खळ्यावर एकच पेंढी उरली. भागीरथीबाईंनी ती दोन्ही हातांनी उचलली, पाच वेळा झोडली, उलटवून पुन्हा झोडली, आणि रिकामी कडेला ठेवली. मग त्या पाठीवर हात ठेवून सरळ झाल्या.

बाईजा फळीला धरून उठली. ती भागीरथीबाईंच्या खांद्यापर्यंतही पोचत नव्हती. तिने त्यांचे दोन्ही तळहात आपल्या हातांत घेतले, उलटेसुलटे करून पाहिले, त्यांवर आलेल्या फोडांवरून अंगठा फिरवला.

"तीस," ती म्हणाली. "फिटली गो. सगळी फिटली."